माझ्या पाठीवरची मनोरी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. घडीवर फाटलेला, कोपरे झिजलेला आणि मधोमध चहाचा डाग मिरवणारा. माझ्या अंगावर रोम शहर छापलेलं आहे. पण माझं आयुष्य गेलं ते मुंबईजवळच्या मनोरीत, खाडीकाठच्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मराठी मी त्या डब्यातच शिकलो. त्याचं झाकण नीट बसत नसे, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं मला ऐकू येई.

जन्माने मी रोमचा. रोमच्या स्टेशनाजवळच्या एका साध्या हॉटेलात गल्ल्यापाशी आमची थप्पी असे. आम्ही फुकट मिळायचो. फुकटच्या वस्तूला मान किती, ते तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्यासोबतचे कितीतरी भाऊ दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात गेले. कुणाचा पंखा झाला, कुणात तळलेले मासे बांधले गेले. मी तेव्हाच ठरवलं होतं, की आपण वाट दाखवल्याशिवाय मरायचं नाही. कागदाने असं ठरवून काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पण ठरवलं होतं खरं.

१९८३ सालच्या उन्हाळ्यात एका हाताने मला थप्पीतून उचललं. त्या हाताला यंत्राच्या तेलाचा वास होता. तो हात इग्नेशियसचा. इग्नेशियस मनोरीचा कोळी, पण तीन वर्षं परदेशी जहाजाच्या इंजिनखोलीत काम करत होता. त्याचं जहाज नेपल्सच्या बंदरात लागलं, की तो सुटी मिळवून रोमला येई आणि दिवसभर पायी भटके. त्या दिवशी संध्याकाळी त्याने मला एका पायरीवर पसरलं, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि माझ्या कडांवर बारीक मराठीत लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ होती : ‘आय, पहिल्यांदा रोमला येणारीने काय बघायचं ते लिवतोय.’

त्याची आई क्लारा त्या वर्षाच्या नोव्हेंबरात चर्चच्या यात्रेसोबत रोमला येणार होती. ते वर्ष ख्रिस्ती लोकांनी पवित्र मानलेलं होतं आणि उपनगरांतून जथ्थे निघत होते. क्लाराबाईंनी कितीतरी वर्षं सुकी मासळी विकून ही एकच हौस जपली होती.

इग्नेशियसने काय काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. ‘पहिल्या दिवशी सगळं बघायला धावू नको. रोम कुठं पळत नाय. मोठ्या देवळात सकाळी सातला जा. आत शिरलीस की लगेच पुढं जाऊ नको, दारातच उभी राहा, डोळ्यांना जरा सवय होऊ दे. लुगडं चालतं, उघड्या खांद्यांच्या मडमांना बाहेर थांबवतात, तुला नाय थांबवणार.’ रस्त्यावरच्या लोखंडी नळांपाशी त्याने छोटे ठिपके काढले : ‘हे पाणी पी, गोड हाय. तोटीला खालून बोट लाव, वरच्या भोकातून धार उडते, भांडं नको.’ एका जुन्या घुमटाशेजारी लिहिलं : ‘ह्याच्या छताला मोठं भोक हाय. पाऊस आत पडतो. दोन हजार वर्षांत कुणी बुजवलं नाय. पाऊस असेल तर मुद्दाम जा.’ बाजाराच्या चौकावर लिहिलं : ‘सकाळीच जा, दुपारी उठतो. कोळंबीचा भाव विचार, पण घरी कुणाला सांगू नको, विश्वास नाय ठेवणार.’

एका प्रसिद्ध कारंज्यापाशी मात्र त्याची पेन्सिल थांबली. मग त्याने लिहिलं : ‘ह्यात नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणतात. सगळे टाकतात. मी नाय टाकलं. मला परत जायचंय ते दुसरीकडं.’

आणि शेवटी, नदीतल्या छोट्या बेटाच्या वरच्या अंगाला, गल्ल्यांच्या गुंत्यात, त्याने तांबड्या शाईने एक गोल काढला. ‘इथं कासवांचं कारंजं हाय. चार पोरं हात वर करून कासवांना वरच्या कुंडात पाणी पाजतात. पप्पा जाळ्यातलं कासव उचलून सोडायचे ना, तस्संच. जवळ ज्यू लोकांचं देऊळ हाय, त्याचा घुमट चौकोनी हाय. यात्रेतल्या गुरुवारी तुम्हाला दुपारची मोकळीक हाय ना? तीन वाजता इथं ये. मला साडेचारला निघावंच लागेल, नायतर जहाज चुकेल. आय, नक्की ये.’

हे सगळं त्याने थेट घरी का पाठवलं नाही, ते आता सांगतो. इग्नेशियसचे वडील कॉस्मस हे मनोरीतले नावाजलेले नाखवा. आपली होडी मुलाने चालवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलाने परदेशी जहाज धरलं. त्या दिवशी कॉस्मस किनाऱ्यावर, चार माणसांदेखत म्हणाले होते, “परक्याच्या जहाजावर चढलास तर ह्या खाडीत परत शिरू नकोस.” इग्नेशियसही त्यांचाच मुलगा. तो शिरला नाही. तीन वर्षं त्याची पत्रं वाकोल्याला जात, त्याच्या आत्याकडे, म्हणजे कॉस्मसच्या बहिणीकडे, नॅन्सीकडे.

मीही तिथेच उतरलो. नॅन्सी पार्ल्याच्या एका शाळेत शिक्षिका होती. वाकोल्याच्या तिच्या एका खोलीच्या घरात तिने मला पलंगावर पसरलं आणि भावजयीला सगळ्या ओळी वाचून दाखवल्या. क्लाराबाईंना अक्षरं जोडून जोडून वाचता येई, पण त्या दिवशी त्यांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे जोडता येईनात.

“वयनी, रडू नको गं. आधी हे ठिकाण कसं गाठायचं ते बघू,” नॅन्सी म्हणाली. “तू एकटी बोरिवलीच्या पुढं कधी गेलीस?”

“नाय गेले. आता जाईन.”

“तो रस्ता नाय चुकला पाहिजे.”

“नाय चुकणार. तू शिकव.”

मित्रांनो, माझा अभ्यास इतक्या जिद्दीने कुणी केला नसेल. मोठ्या चर्चपासून त्या तांबड्या गोलापर्यंत नॅन्सीने दोरा लावून अंतर मोजलं आणि हिशेब केला, की हे आपलं वाकोल्याहून पार्ल्याच्या बिस्किटांच्या कारखान्यापर्यंत जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत येण्याएवढं. मग दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली, की दोघी निघत. क्लाराबाईंच्या काखेत मी. कारखान्यापाशी भाजलेल्या बिस्किटांचा वास आला, की नॅन्सी घड्याळ बघे आणि म्हणे, “वयनी, आता तू पुलापाशी पोचलीस.” चप्पल चावली, तर क्लाराबाई चप्पल हातात घेत, पण रिक्षा करत नसत. लोक बघत. बघू देत.

पण एक चूक त्या पलंगावरच झाली, आणि ती चूक फक्त आपल्या उपनगरातलीच माणसं करू शकतील. नॅन्सीने माझ्या अंगावरच्या नदीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “सोप्पं हाय. ही नदी म्हणजे आपली रेल्वे लाईन समज. मोठं देऊळ वेस्टला. कासवं ईस्टला. पूल ओलांडलास की ईस्टला आलीस. मग लाईन उजव्या हाताला ठेवून सरळ चालत सुट.”

“पण ही तर वाकडीतिकडी हाय गं.”

“कागदात मावायला नको? म्हणून वाकवलीय.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो टीचर, ती खरीच वाकडी आहे! माझ्यावर छापणाऱ्याने काहीही मनाचं छापलेलं नाही. पण नकाशाला तोंड नसतं. ज्यांचा सगळा जन्म सरळसोट रेल्वे लाईनच्या ईस्ट आणि वेस्ट ह्या दोन शब्दांत सामावलेला, त्यांना नदी वळते हे कसं पटावं?

मनोरीला क्लाराबाई मला बिस्किटांच्या डब्यात लपवून ठेवत. वरून सुक्या मिरच्या. नवऱ्याला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. पण एकाच घरात चाळीस वर्षं काढलेल्या माणसापासून काय लपतं? एका दुपारी क्लाराबाई खाडीपलीकडे मार्व्याला मासळी घेऊन गेल्या असताना डब्याचं झाकण उघडलं. मिरच्या बाजूला झाल्या. जाळ्याच्या गाठी मारून मारून राठ झालेली बोटं माझ्या कडांवरून फिरली. कॉस्मसना वाचता येत नव्हतं. तरी मुलाचं अक्षर ते ओळखत असावेत, कारण ते एकेका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ थांबले. मला वाटलं, आता आपण चुलीत जाणार. चूल तीन हातांवर होती.

त्यांनी मला उलटं केलं. माझी पाठ कोरी होती. फळ्यांवर खुणा करायची सुताराची जाड पेन्सिल त्यांनी कानामागून काढली आणि माझ्या पाठीवर काहीतरी काढायला लागले. ते जोर देऊन काढत होते. एका ठिकाणी माझ्या आरपार जातील असं वाटलं. मित्रांनो, नकाशाला स्वतःची पाठ दिसत नाही. काय काढलं ते मला कळलं नाही. काढून झाल्यावर त्यांनी माझी घडी घातली, अगदी होती तशी, आणि वर मिरच्या ठेवल्या.

ते काय होतं, हे मला पुढच्या रविवारी वाकोल्याला कळलं. नॅन्सीने मला उघडलं आणि उलटवून पाहिलं. “वयनी, हे काय गिरवलंय? चर्चचा क्रूस, त्याच्याखाली पाण्याची टाकी आणि एक रेघ?”

क्लाराबाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हा खाडीत शिरायचा रस्ता हाय.”

“म्हणजे?”

“आमच्या खाडीच्या तोंडावर खडप हाय, म्हंजे पाण्याखालचे खडक. होडी आत घ्यायची तर दोन खुणा एका रेघेत धरायच्या. पूर्वी क्रूसाच्या खाली जुना ताड दिसला की रस्ता बरोबर. तो ताड गेल्या साली वादळात पडला. आता त्याच्या जागी नव्या टाकीवर धरतात.” त्यांनी टाकीवर बोट ठेवलं. “इग्नेसला ताड ठाऊक हाय. टाकी ठाऊक नाय.”

नॅन्सी माझ्यावर वाकली आणि म्हणाली, “म्हणजे माझा भाऊ त्याला सांगतोय, की...”

“बोलून नाय सांगणार तो. मेला तरी नाय सांगणार.” क्लाराबाईंनी मला छातीशी धरलं. “हे त्याच्या हातात पडलंच पाहिजे, नॅन्सी. पोष्टानं नाय. मीच देणार.”

त्या दिवसापासून मला माझी किंमत कळली. माझ्या तोंडावर अख्खं रोम होतं. पण माझ्या पाठीवर एका बापाने तीन वर्षांनी काढलेला एकच रस्ता होता. तो पोचवायचा, हे माझंही ठरलं.

नोव्हेंबरात आम्ही रोमला पोचलो. जथ्थ्याबरोबर अंधेरीच्या प्रवासी कंपनीचा चंद्रप्रकाश नावाचा माणूस होता. त्याच्या हातात तांबडी छत्री असे आणि तो सगळ्यांना तिच्यामागून पळवत असे. तीन दिवस क्लाराबाईंनी लेकाच्या सूचना तंतोतंत पाळल्या. सात वाजता मोठ्या चर्चच्या दारात त्या उभ्या राहिल्या आणि चंद्रप्रकाशने “आँटी, पुढे चला ना” म्हटलं तरी हलल्या नाहीत. नळाच्या तोटीला बोट लावून त्यांनी अख्ख्या जथ्थ्याला पाणी पाजलं. बाजारात कोळंबीचा भाव विचारला आणि स्वतःशीच हसल्या. छताला भोक असलेल्या देवळात त्या गेल्या तेव्हा ऊन होतं. उन्हाचा गोल जमिनीवर पडला होता आणि त्यांनी त्यात आपला हात धरून पाहिला. कारंज्यापाशी सगळ्या बाया नाणी टाकत होत्या. क्लाराबाईंनी टाकलं नाही.

गुरुवार आला. दुपारी एक वाजता चंद्रप्रकाशने जाहीर केलं, “आता फ्री टाइम. सगळे शॉपिंगला माझ्यामागून. सहा वाजता बस.”

क्लाराबाई उलट दिशेला निघाल्या.

“ओ आँटी! एकट्या कुठे निघाल्या? हरवलात तर माझी वाट लागेल यार!”

“मला काम हाय.”

“इथे कसलं काम?”

“माझ्या घरचं हाय,” त्या म्हणाल्या आणि मागे वळून न बघता चालायला लागल्या. आधी मोठ्या चर्चमध्ये त्या अर्धा तास गुडघे टेकून बसल्या. मग उठल्या, पदर खोचला, मला हातात घेतलं आणि वाट धरली.

दगडी देवदूतांचा पूल आला. तो ओलांडल्यावर त्या मोठ्याने म्हणाल्या, “ईस्ट.” इथवर सगळं बरोबर होतं. आता नदीच्या काठाकाठाने गेल्या असत्या तर उशीर झाला नसता. पण काठाने मोटारी सुसाट जात होत्या, म्हणून त्या आतल्या गल्लीत शिरल्या. लाईन उजव्या हाताला आहेच, सरळ चालत राहू, हा त्यांचा हिशेब. अंधेरीत तो चालतो. बऱ्याच वेळाने गल्ली संपली, आणि समोर, अगदी आडवी, नदी!

क्लाराबाई थबकल्या. रेल्वे लाईन अशी समोर कधी येत नाही. लाईन समोर आली, तर त्याचा अर्थ एकच : आपण अजून वेस्टलाच आहोत, मघाचा पूल कुठल्यातरी नाल्यावरचा होता, खरी लाईन ही. मी त्यांच्या हातात फडफडत होतो. क्लाराबाई, तुम्ही ईस्टलाच आहात! नदीच वळून आलीय तुमच्यापुढे! पण त्यांनी समोरचा पूल ओलांडला आणि सरळ वेस्टला जाऊन पोचल्या.

तिथल्या अरुंद गल्ल्यांत दोऱ्यांवर कपडे वाळत होते, वाकोल्यासारखेच. क्लाराबाईंनी मला एका फुलवाल्यापुढे धरलं. त्याने दोन्ही हातांनी दोन दिशा दाखवल्या आणि लांबलचक भाषण केलं. एका बाईने त्यांना प्रेमाने बसथांब्यावर नेऊन उभं केलं. त्या तिथून निघाल्या, फिरल्या आणि पुन्हा त्याच फुलवाल्यापाशी आल्या. कुठेतरी तीनचे टोले पडले. मग साडेतीनचा एक टोला.

त्या एका चर्चच्या पायरीवर बसल्या. त्यांनी माझी घडी घातली. मित्रांनो, तो अपमान मी अजून विसरलो नाही. ज्या कामासाठी मी जन्मलो, तेच माझ्या हातून झालं नव्हतं. घडी घालताना मी उलटा झालो आणि माझी पाठ वर आली.

क्रूस. खाली टाकी. मधून रेघ.

क्लाराबाईंनी ती रेघ बोटाने वरपासून खालपर्यंत गिरवली. मग त्या स्वतःवरच चिडून बोलल्या, “खुळी गं तू क्लारा! कोळ्याची बाय तू, आणि लाईन कसली शोधतेस? खुणा धर!”

त्या उठल्या आणि गल्ल्यांतून नदीच्या दिशेने निघाल्या. उताराची गटारं पाण्याकडेच जातात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. काठावर येऊन कठड्याला टेकून त्यांनी पाण्यावरून नजर फिरवली, अगदी किनाऱ्यावर उभं राहून होडीची वाट बघताना फिरवायच्या तशी. एका बाजूला, लांब, मोठ्या चर्चचा गोल घुमट. दुसऱ्या बाजूला, पाणी जात होतं त्या अंगाला, पानं गळालेल्या झाडांवरून डोकं काढलेला दुसरा घुमट. तो गोल नव्हता. चौकोनी होता.

“हा घे क्रूस, आणि ही घे टाकी,” त्या म्हणाल्या.

मग त्या थांबल्या नाहीत. गोल घुमट पाठीशी, चौकोनी घुमट समोर. मध्ये बेट आलं. बेटाच्या अलीकडे एक पूल, पलीकडे दुसरा. ईस्ट की वेस्ट हा विचार त्यांनी केलाच नाही. चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा दोन्ही चपला हातात घेतल्या. चौकोनी घुमटापाशी पोचल्यावर त्यांनी मला पुन्हा उघडलं, आणि तिथून पुढच्या तीन गल्ल्या मी दाखवल्या. त्या बरोबर दाखवल्या, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

छोटासा चौक. मधोमध कारंजं. चार कांस्याची पोरं हात वर करून कासवांना पाणी पाजताहेत, आणि कठड्याला टेकून पाचवा एक उभा. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

“आय!”

“हललास नाय ना रे कुठं?”

“हललो नाय. पप्पांनीच शिकवलं होतं ना, दुसरी होडी आपल्याला शोधत असली तर आपण नांगर टाकून बसायचं.”

क्लाराबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही. आधी मला त्याच्या हातात दिलं, पाठ वर करून. “आधी हे बघ. मग बाकीचं.”

इग्नेशियसने पाहिलं. पहिल्यांदा त्याच्या कपाळाला आठी पडली. “क्रूस बरोबर हाय. पण खाली ताड पाहिजे ना? ही टाकी कसली?”

“ताड पडला. गेल्या सालच्या वादळात. आता टाकीवर धरायचं.”

“हे कुणी काढलं?”

“मी काढीन? मला होडी वळवता तरी येते?”

त्याचे हात माझ्या कडांवर घट्ट झाले. मग म्हणाला, “ताड शोधत आत आलो असतो तर खडपावर गेलो असतो मी.”

“म्हणून तर काढलं त्यानं,” क्लाराबाई म्हणाल्या.

तेव्हा तो रडला. तेलाच्या वासाचा, उंचापुरा, सव्वीस वर्षांचा माणूस भर चौकात आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि त्याची काही आसवं माझ्यावर पडली. त्या ठिकाणी माझी शाई अजून फुटलेली दिसते. तो डाग माझ्या अंगावरच्या सगळ्या खुणांत मला जास्त प्यारा आहे.

त्यांच्यापाशी दहा मिनिटं होती. क्लाराबाईंनी पदराखालून सुक्या बोंबलांची पुरचुंडी काढून दिली. इग्नेशियसने कासवांकडे बोट दाखवून विचारलं, “बघितलीस?” त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “बघितली. चांगली हायत. पण तुझा बाप दोन हातांनी धरायचा.” एवढंच त्यांनी त्या कारंज्याचं दर्शन घेतलं. साडेचारला त्याने आईला मोठ्या रस्त्यावर नेऊन चौसष्ट नंबरच्या बसमध्ये बसवलं, शेवटच्या थांब्यावर उतर म्हणून तीनदा सांगितलं आणि तो स्टेशनाकडे पळत सुटला. मला त्याने मागितलं होतं. क्लाराबाई म्हणाल्या, “नाय देणार. रस्ता पाठ झाला ना? मग कागद घरी येऊन बघ.”

जथ्थ्याच्या सहाच्या बसपाशी त्या पोचल्या, तेव्हा चंद्रप्रकाश छत्री हातात घेऊन घामाघूम झाला होता. “आँटी, काय शॉपिंग केलं एवढं?” त्याने चपलांकडे बघत विचारलं. क्लाराबाई हसल्या फक्त.

मनोरीला परत आल्यावर त्या कॉस्मसना एकच वाक्य बोलल्या, “टाकी कळली त्याला.” कॉस्मस जाळं विणत होते. “बरं,” म्हणाले आणि पुढची गाठ मारायला लागले. पण त्या संध्याकाळी गाठ चुकून जाळ्याला एक घर जास्तीचं पडलं, असं क्लाराबाई नॅन्सीला हसून हसून सांगत होत्या.

पुढच्या मे महिन्यात इग्नेशियस आला. मार्व्याहून खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून आला, सगळ्यांसारखाच. दुसऱ्या दिवशी बाप त्याला काही न बोलता होडीवर घेऊन गेला. परत येताना खाडीच्या तोंडापाशी कॉस्मस सुकाणू सोडून बाजूला झाले. इग्नेशियसने क्रूस टाकीवर धरला आणि होडी आत आणली. तो जहाजावरची नोकरी सोडून आला नव्हता, आणि बापाने तसं विचारलंही नाही. दोन महिन्यांनी तो परत गेला. पण आता तो दर वर्षी येतो.

आणि मी? काम झालेल्या वस्तूचं जे होतं, तेच माझं झालं. डबा मिरच्यांसाठी लागला, म्हणून मी फडताळात वर्तमानपत्राखाली अंथरला गेलो. कसर लागली. माझ्यावर लोणच्याची बरणी तीन वर्षं उभी होती. मला वाटलं, संपलं. मग १९८८ साली नॅन्सीच्या शाळेतली अनुपमा नावाची शिक्षिका रोमला जायला निघाली आणि नॅन्सीला माझी आठवण झाली. अनुपमाने मला सगळं शहर फिरवलं, नळांच्या ठिपक्यांमध्ये दोन ठिपक्यांची भर घातली, आणि नदीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘सावधान! ही खरंच वळते.’ परत आलो तेव्हा मी मधल्या घडीवर पार फाटलो होतो.

नॅन्सी मला घेऊन मनोरीला आली. तिचा हेतू चांगलाच होता. तिने मैद्याची खळ शिजवली, जाड पुठ्ठा आणला आणि म्हणाली, “पुठ्ठ्यावर चिकटवून टाकू, म्हणजे जन्मभर फाटणार नाय.” तिने मला पालथं घातलं आणि खळीत बोटं बुडवली. गरम खळीचा वास मला आला. माझं रोम कायमचं टिकणार होतं, आणि माझी मनोरी कायमची बुजणार होती.

“थांब,” कॉस्मस म्हणाले.

ते ओट्यावर बसले होते. आता त्यांना पूर्वीसारखं चालवत नव्हतं. त्यांनी मला मागून घेतलं, मांडीवर पसरलं, आणि खोडरबर मागितलं. माझ्या पाठीवरची टाकी त्यांनी हळूहळू खोडली. मग कानामागची पेन्सिल काढली.

“टाकीपुढं यंदा बंगला उठलाय,” ते बहिणीला म्हणाले. “दर्यातून टाकी दिसत नाय आता. क्रूस त्या बंगल्याच्या निळ्या गच्चीवर धरायचा. पोरगा डिसेंबरात यायचाय, त्याला कळवायला नको?”

मित्रांनो, नॅन्सीने ती खळ तशीच फेकली. मागून पातळ कागदाच्या पट्ट्या फक्त घड्यांवर लावल्या, पेन्सिलीची रेघ सोडून. म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा कागद असेल, एखादी वही, जुनं पत्र, कॅलेंडराचं पान. त्याला जपा. घडीवरच घडी घाला, ओल्या हाताने धरू नका, त्याच्यावर बरण्या ठेवू नका. आणि फेकण्याआधी किंवा चिकटवण्याआधी एकदा उलटून बघा. रोम आहे तिथेच आहे; दोन हजार वर्षं ते हललेलं नाही, त्याची वाट तुम्हाला कुणीही सांगेल. घरी यायच्या खुणा मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, आणि त्या कुणीतरी आपलं माणूसच खोडून नव्याने काढत असतं. माझ्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात अजून चार बोटं जागा कोरी आहे. कॉस्मसनी ती राखून ठेवली आहे.